अण्णांच्या हाताच्या दोन प्रती

झिरो की वन, या दोन शब्दांनी हेमांगीच्या घरात नुसता उच्छाद मांडला होता. रविवारी पोहे पुढ्यात येतात न येतात तोच प्रसन्न सुरू व्हायचा, की मी काल परत वाचलं, झिरोच बरोबर आहे. मग हेमांगी चमचा खाली ठेवायची आणि पोहे गार व्हायचे. बाकीच्या घरांत नवरा-बायको माहेर-सासरवरून भांडतात, एसीच्या थंडीवरून भांडतात. नाशिकरोडच्या या फ्लॅटमध्ये भांडण होतं ते गेमिंग कॉम्प्युटरमध्ये दोन नव्या डिस्क कशा जोडायच्या यावरून. डिस्क खोक्यात पडल्या होत्या, खोकं टीव्हीखाली पडलं होतं, आणि त्या खोक्यावर आता इस्त्रीचे कपडे येऊन पडायला लागले होते.

ज्यांना या भानगडीत कधी पडावं लागलेलं नाही ते नशीबवान. पण पुढचं कळायचं तर एवढं ऐकून घ्यायलाच हवं. दोन डिस्क एकत्र जोडण्याला रेड म्हणतात, आणि त्याच्या दोन सरळ रीती आहेत. रेड झिरोमध्ये माहितीचे तुकडे करून अर्धे एका डिस्कवर आणि अर्धे दुसरीवर लिहितात. दोन्हींवर एकदम काम होतं, त्यामुळे वेग जवळजवळ दुप्पट. मात्र एक डिस्क गेली की दुसरीवरचे अर्धे तुकडे कुणाच्या बापाला जुळवता येत नाहीत. रेड वनमध्ये तीच माहिती दोन्ही डिस्कवर जशीच्या तशी लिहितात. एक मेली तरी दुसरी चालू राहते. पण जागा एकाच डिस्कची मिळते, आणि लिहिण्याचा वेगही एकाच डिस्कचा.

नुसत्या गेमचा प्रश्न असता तर हेमांगी म्हणाली असती, कर बाबा तुझं झिरो आणि सोड मला. पण त्या कॉम्प्युटरवर अण्णांचा हात होता.

अण्णा म्हणजे तिचे वडील, भास्करराव गायधनी. तरुणपणी कॅरमच्या बोर्डावर त्यांच्यासमोर बसायला जिल्ह्यातले भलेभले कचरायचे. आई गेली, मागोमाग अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला, डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, आणि हेमांगी त्यांना आपल्या घरी घेऊन आली. आणलं खरं, पण अण्णांच्या लेखी ते लेकीचं घर नव्हतंच, जावयाचं होतं. ते प्रसन्नला प्रसन्नराव म्हणायचे, अहोजाहो करायचे, त्याच्यासमोर पाय पसरून बसायचे नाहीत आणि जेवताना वर मीठसुद्धा मागायचे नाहीत. ज्याचे लग्नात पाय धुतले त्याच्याकडून आता सेवा करून घ्यायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. हेमांगीला याचा मनस्वी संताप यायचा. प्रसन्नला तर यात काय करावं तेच कळायचं नाही, म्हणून तो बापडा गेम खेळत बसायचा.

या कोंडीतून वाट काढली ती एका यांत्रिक हातमोज्याने, ग्लोव्हने. तो मुळात निघाला गेम खेळणाऱ्यांसाठी. बोट हलण्याआधी मेंदूचा हुकूम हाताच्या स्नायूंत पोचलेला असतो, आणि त्या विजेच्या बारीक लहरी मनगटाच्या कातडीवरून वाचता येतात. गेमवाल्यांनी म्हटलं, बोट बटणापर्यंत जाईस्तोवर थांबायचं कशाला, हुकूमच वाचू. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हात थरथरणारी माणसंही या ग्लोव्हने स्वच्छ खेळतात. कंपवाताच्या थरथरीला एक ठरावीक ठेका असतो, आणि माणसाला मनातून जे करायचं असतं ते त्या ठेक्यात नसतं. एकाच माणसाचा हात महिनोन्‌महिने पाहिला की यंत्राला या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. पुढच्या ग्लोव्हमध्ये बारीक तारा आणि मोटारी आल्या. थरथर उठली रे उठली की त्या बोटाला उलट बाजूने हलकेच ओढतात, आणि हात स्थिर होतो.

मेख एकच होती. यंत्राने शिकलेलं सगळं घरातच ठेवावं लागायचं. लांबच्या सर्व्हरकडून उत्तर यायला पापणी लवण्याइतका वेळ लागला तरी मोटार चुकीच्या क्षणी ओढायची आणि थरथर उलट वाढायची. म्हणून अण्णांची प्रत्येक हालचाल घरच्या डिस्कवर उतरायची आणि आधीच्या हजारो हालचालींशी ताडून पाहिली जायची. त्याला तगडं मशीन लागतं, आणि गेमवेड्या प्रसन्नकडे ते होतं. ग्लोव्ह घालून अण्णा सदऱ्याची बटणं स्वतः लावायला लागले, पोळीचा तुकडा स्वतः मोडायला लागले, आणि एका संध्याकाळी त्यांनी पलंगाखालून कॅरमबोर्ड काढला. त्यांना कुणाला हाक मारावी लागत नव्हती. त्यांना एवढंच तर हवं होतं.

पण जुनी डिस्क भरत आली, मंदावली, आणि ग्लोव्ह अडखळायला लागला. तिथून हे झिरो-वनचं गुऱ्हाळ सुरू झालं. प्रसन्नचं म्हणणं, उशिरा आलेली मदत ही मदतच नाही, अण्णांना वेग हवा, म्हणून झिरो. त्याच्या गेमलाही वेग हवा होता, ते तो मोठ्याने बोलत नव्हता. हेमांगीचं म्हणणं, अण्णांचा हात आजच्यापेक्षा बरा होता तेव्हापासून यंत्र शिकत आलंय. आजार काही मागे जाणार नाही. एक डिस्क गेली आणि ते शिकलेलं गेलं, तर तो बरा हात परत आणायचा कुठून? दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. हेमांगी औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासायला होती. गोळ्यांची अख्खी बॅच एका शंकेवर अडवून ठेवायची तिला सवय होती, ती नवऱ्याला थोडीच सोडणार.

बरं, ज्यांचा हात त्यांना विचारावं, तर ते मूग गिळून बसलेले. फार खनपटीला बसलं की म्हणायचे, तुम्ही दोघं ठरवाल ते. हे वाक्य ऐकलं की हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी एका रविवारी तिने इस्त्रीचे कपडे उचलले, खोकं प्रसन्नच्या मांडीवर आदळलं आणि विषय संपवला. वन म्हणजे वन. प्रसन्नने मुकाट्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. डिस्क बसवताना तो कॉम्प्युटरच्या पोटात डोकं घालूनच पुटपुटला, "पण हेमा, हा बॅकअप नव्हे हां."

हेमांगीला वाटलं, हरल्याची कुरकुर आहे. "झालं का तुझं?" ती म्हणाली.

त्याचं झालं. तो रुसला आणि त्या विषयावर त्याने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. आणि हेमांगी निर्धास्त झाली. आधी ती अधूनमधून अण्णांच्या हाताची सगळी माहिती एका सुट्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवायची. आता दोन-दोन प्रती आपोआप होत असताना ती हमाली कशाला करायची? नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ कुठे मावेना, तेव्हा तिने ती सुटी डिस्क पुसून नणंदेला देऊन टाकली.

पुढचे काही महिने घर शांत होतं. संध्याकाळी कामावरून यावं तर हॉलमध्ये बोरिक पावडरचा वास, बोर्डाभोवती मंडळी आणि चहाचे कप. पगारे सर यायचे, रफीकभाई यायचे, जुन्या क्लबातली आणखी कुणी-कुणी यायची. आणि दर वेळी अण्णांचा ग्लोव्ह दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असायचा. हेमांगी कपाळाला आठी घालून आत जायची. आपल्या लोकांना नवी वस्तू नुसती पाहून समाधान कुठे होतं. शेजाऱ्याची नवी स्कूटर एक चक्कर मारून बघतात, दुसऱ्याचा चष्मा घालून बघतात, तसा ग्लोव्ह घालून बघत असतील. अण्णाही कौतुकाने म्हणायचे, खेळा, खेळा, अजून दोन बोर्ड खेळा. जावयाच्या घरात आल्यागेल्याला द्यायला त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय, असं मनाशी म्हणून ती गप्प बसली. शिवाय अण्णांचा हात दोन डिस्कवर सुखरूप होताच.

मग अण्णांचं काहीतरी बिनसलं. ते आयुष्यभर स्ट्रायकर मधल्या बोटाने मारत आलेले, आता मारताना अंगठा मध्येच पुढे यायचा. सोपी सोंगटी हुकायची. बटण लावायला हात गेला की बोटं भलत्याच बाजूने यायची आणि काज सापडायचं नाही. पोळी मोडताना हात मध्येच थबकायचा, जणू पुढे काय करायचं यावर बोटांचं आपापसात एकमत होत नाहीये. अण्णा हात मांडीखाली दाबून बसायचे.

हेमांगीच्या तोंडचं पाणी पळालं. आजार बळावला म्हणून ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ग्लोव्ह काढून हात तपासला, चालायला लावलं, आणि सांगितलं की आजार जिथे असायला हवा तिथेच आहे. असली उडी तो मारत नाही. तुमच्या यंत्राकडे बघा.

प्रसन्नने दोन दिवस यंत्राकडे पाहिलं. त्याने हेमांगीला बोलावून पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. स्नायूंतल्या त्या लहरी प्रत्येक माणसाच्या निराळ्या असतात, आवाज निराळा असतो तशा. या रेघांत पाच-सहा माणसं होती. यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं की ग्लोव्ह घालणारा बदलला आहे. ते बिचारं सगळ्यांकडून शिकत गेलं आणि सगळ्यांचा मिळून एक हात करत गेलं.

"मग दुसऱ्या डिस्कवरचा घे ना," हेमांगी म्हणाली. "त्यासाठीच तर दोन आहेत."

प्रसन्नने खुर्ची तिच्याकडे वळवली. त्याचा आवाज रुसका नव्हता, नुसता थकलेला होता. दुसरीवरही हेच आहे, तो म्हणाला. पहिलीवर जे ज्या क्षणी लिहिलं गेलं ते त्याच क्षणी दुसरीवरही गेलं, चूक असो की बरोबर. डिस्क मेली असती तर दुसरीने वाचवलं असतं. डिस्क दोन्ही ठणठणीत आहेत. आणि जागा वाचवायला यंत्र जुन्या हालचाली नव्यांत मिसळून टाकतं, त्यामुळे आता अण्णांचा जुना हात निवडून वेगळाही काढता येणार नाही. कपाटातली सुटी डिस्क आण, एवढाच मार्ग आहे.

सुटी डिस्क नणंदेकडे होती. तिच्यावर सप्तपदी होती आणि आइस्क्रीमच्या काउंटरचं अर्धा तास शूटिंग होतं.

हेमांगीचा तोल सुटला. प्रसन्नने आधी का नाही सांगितलं म्हणून ती त्याच्यावर ओरडली. सांगितलं होतं, तू चिडलीस, असं तो म्हणाला. एकदा पुटपुटणं म्हणजे सांगणं का, घरात माणसाचा हात जातोय आणि तू रुसून बसतोस, असं ती म्हणाली. तेही खरंच होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. मग ती तशीच तणतणत हॉलमध्ये गेली. तिथे अण्णा बोर्डासमोर एकटेच बसून सोंगट्या लावत होते, आणि सोंगट्या लागत नव्हत्या.

"अण्णा, तो ग्लोव्ह काय गावजेवणातला वाढायचा डाव आहे, दिसेल त्याच्या हातात द्यायला?" ती म्हणाली. "कशाला दिलात सगळ्यांना?"

अण्णांनी सोंगटी खाली ठेवली. "मुद्दाम दिला," ते म्हणाले.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"प्रसन्नराव सांगत होते ना, यंत्र माझा हात पाहून शिकतं. माझा हात तर दिवसेंदिवस बिघडतोय. म्हणजे ते बिघडलेलंच शिकणार. म्हटलं, चांगल्या हातांनी त्याला शिकवू दे. क्लबात पोरांना शिकवायचो तेव्हा त्यांच्या हातावर माझा हात ठेवूनच शिकवायचो. पगारे सरांचा हात बघ, या वयातही दगडासारखा. रफीकचा तर विचारूच नकोस. वेडावाकडा हात असलेला एकही माणूस मी बोलावला नाही."

हेमांगी सोफ्यावर बसली. म्हणजे इतके महिने या हॉलमध्ये पाहुणचार चाललेला नव्हता, शिकवणी चालली होती. माणसाने निवडून-निवडून, विचार करून, पदरचा चहा पाजून स्वतःचा हात घालवला होता. हसावं की डोकं आपटून घ्यावं तेच तिला कळेना. त्या यंत्राला चांगला हात शिकायचाच नव्हता. त्याला फक्त अण्णांच्या मनातलं ओळखायला शिकायचं होतं, आणि पगारे सरांच्या दगडासारख्या हातात अण्णांच्या मनातलं कुठून येणार? एक प्रश्न विचारला असता तर प्रसन्नने हे दोन वाक्यांत सांगितलं असतं.

"मग विचारायचं नाही का हो कुणाला?" ती म्हणाली.

"यंत्र जावयाचं. त्यातलं मी काय विचारणार? आधीच तुम्ही दोघं त्यावरून इतकं भांडलात." अण्णांनी पुढ्यातली सोंगटी बाजूला सारली. "मला फक्त प्रसन्नरावांना हाक मारायची वेळ येऊ द्यायची नव्हती, हेमा."

प्रसन्न दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो सासऱ्यांशी चढ्या आवाजात कधी बोललेला नव्हता.

"अण्णा, मी तुमचा कोण आहे? लॉजचा मॅनेजर?" तो म्हणाला. "मला हाक मारावी लागू नये म्हणून तुम्ही स्वतःचा हात मोडून घेतलात?"

प्रसन्न आत गेला आणि दार जरा जास्तच जोरात लागलं. हेमांगीला त्या दोघांचाही राग येत होता, स्वतःचा सगळ्यात जास्त. गोळ्यांच्या बॅचला कुणाचा हात लागला हे ती दिवसभर तपासत असते, आणि घरी रोज डोळ्यांसमोर हात बदलत होते तेव्हा ती कपाळाला आठी घालून आत जात होती. तिने ते अण्णांना बोलूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, तू कशाला रडतेस, आणि आपण रडायला लागलो आहोत हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रसन्नने दोन्ही डिस्क पुसायला घेतल्या. भेसळीचा हात ठेवण्यापेक्षा पाटी कोरी बरी, यावर तिघांचं एकमत झालं. मात्र यंत्र आता आजच्या हातापासून शिकणार होतं. डॉक्टरही म्हणाले की यातून पूर्वीइतकं मिळणार नाही. जाड कामं जमतील, बारीक कामांची आशा धरू नका.

पुसून झाल्यावर प्रसन्न हॉलमध्ये आला. हेमांगीकडे न पाहता तो अण्णांसमोर स्टुलावर बसला आणि त्याने त्यांनाच विचारलं की आता कसं जोडू. हेमांगीच्या जिभेवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. तुम्ही ठरवाल ते, हे वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन गेलेलं दोघांनाही दिसलं.

"झिरो करा," अण्णा म्हणाले. "हात लवकर ऐकायला हवा. डिस्क गेली तर गेली. पण दर रविवारी सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवा. आणि ती कुणाच्या लग्नाला देऊ नका."

खरं तर पहिल्या रविवारीच हे इतकं सरळ होतं. वेगासाठी झिरो, आणि जपायला बाजूला ठेवलेली जुनी प्रत, जिला आजच्या चुका शिवू शकत नाहीत. दोन शिकलेली माणसं महिनाभर पोहे गार करत बसली, कारण दोघांनाही आपलंच खरं करायचं होतं. हेमांगीने कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला गेली.

नवा हात शिकायला लागला. अण्णांना घास तोंडापर्यंत नेता येऊ लागला, बटणं मात्र निसटायची. बोर्डावर दहातली एखादी सोंगटी जायची, तेवढ्यावर ते पगारे सरांशी हुज्जत घालायचे. ग्लोव्ह आता कुणाच्या हातात जात नव्हता. पण ग्लोव्ह घालूनही वस्तरा धरणं त्यांना जमेना. चार-पाच दिवस त्यांनी दाढीला हातच लावला नाही. हेमांगी म्हणाली मी करते, तर त्यांनी मान हलवली. बाहेरून न्हावी बोलावू म्हटलं, तर त्यालाही नाही. खुंट वाढत चालले, आणि हेमांगीचं पित्त खवळत चाललं. एवढं सगळं होऊनही हा माणूस हाक मारणार नसेल तर आपण काय करायचं, ते तिला सुचेना.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"प्रसन्नराव," अण्णांची हाक आली. "जरा इकडे येता का?"

हेमांगीची सुरी थांबली. प्रसन्नने ऐन खेळात कंट्रोलर टाकला, तो फरशीवर पडल्याचा आवाज आला. ती पदराला हात पुसत पॅसेजमध्ये आली, पण दारापर्यंत गेली नाही. अण्णा स्टुलावर बसले होते, गालांना फेस, गळ्याशी टॉवेल. प्रसन्नने आयुष्यात दुसऱ्या कुणाची दाढी केलेली नव्हती. तो वस्तरा घेऊन नुसताच उभा होता. अण्णांनी डोळे मिटून मान वर केली आणि गळा त्याच्यापुढे धरला.

वस्तऱ्याचा पहिला हात गालावरून खाली आला, कसाबसा. दुसऱ्याच्या आधी तो थांबला.

"प्रसन्नराव," अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "हात थरथरतोय तुमचा."

"हो ना, अण्णा," प्रसन्न म्हणाला.

"थरथरू दे. सावकाश करा. मला कुठे जायचंय?"